देवीची वस्त्रे : एक भक्त

यंदाच्या नवरात्राचं पत्रक काल हाती आलं. मंडप, रोषणाई, लाउडस्पीकर, महाप्रसादाचे आचारी, अगदी बर्फाच्या लाद्या पुरवणारा, सगळ्यांची नावं आडनावासकट छापलेली. आणि खालून तिसऱ्या ओळीत नेहमीप्रमाणे : 'देवीची वस्त्रे : एक भक्त.' ती वस्त्रे शिवणारे गुलाब मास्तर मार्चमध्ये वारले. म्हणजे भक्त बदलला, ओळ तीच राहिली. पत्रक काढणाऱ्यांना त्यात काही खटकलं नाही. मला खटकलं, पण खटकून घ्यायचा माझा अधिकार कधीच गेला आहे. तो कसा गेला तेच सांगते.

बाभुळगावच्या बसस्टँडसमोर मास्तरांचं शिलाईचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक पायमशीन, कापायचं एक फळकूट आणि भिंतीवर दोन फोटो, एक बुद्धाचा, एक बाबासाहेबांचा. खाली सतरंजीवर सुमनकाकू, त्यांच्या पत्नी, तुरपाई करत बसलेल्या. मास्तर अंगानं किरकोळ, कानावर खडू, गळ्यात टेप. माणसाशी बोलताना ते तोंडाकडे बघत नसत, खांद्याकडे बघत. बारावीनंतर मी बाभुळगाव सोडून यवतमाळला गेले, पुढे पुण्याला शिकले, आणि कितीतरी वर्षांनी त्यांच्या दुकानासमोर उभी राहिले तेव्हा ते म्हणाले, "डावा खांदा अजून पडेलच हाये तुहा. दप्तर एकाच खांद्यावर घेत नोको जाऊ." नाव त्यांना नंतर आठवलं.

त्यांची एक खोड सगळ्या तालुक्याला ठाऊक होती. कुणाचाही कपडा दिसला की त्याची कड उलटी करून आतून पाहायची. हे ते कुठंही करत, बँकेच्या रांगेत, दवाखान्यात, मयतीलासुद्धा. एका लग्नात अक्षता वाटणं चालू असताना त्यांनी नवरदेवाच्या शेरवानीचा घोळ चिमटीत धरून उलटा केला आणि शेजाऱ्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, "अस्तर नुसतं चिकटवलं हाये. सातव्या फेऱ्यालोक टिकलं म्हंजे झालं." नवरदेवाचा मामा अंगावर धावून आला. त्याला राग कशाचा आला तेच मास्तरांना कळेना. घरी जाताना मला म्हणाले, "वरून तं सगळेच शिवतेत बाप्पा. आतून पाय, मंग समजते कोन बसलं होतं मशीनवर."

हा माणूस यवतमाळच्या एका मोठ्या मंडळाच्या देवीचे कपडे शिवत असे. यवतमाळच्या देव्या म्हणजे दोन दोन माणसं उंच, आठ किंवा अठरा हातांच्या. तिथं पोलकं शिवणं म्हणजे काय काम असतं हे शिवणारालाच कळतं. एकेका बाहीचा कोन वेगळा. शस्त्र उगारलेला हात आणि आशीर्वादाचा हात यांच्या काखा एका मापाच्या नसतात. मूर्तिकार आणि मास्तर यांचं दरवर्षी भांडण होई. मास्तर म्हणत, "हात आंधी बसवतेत अन् खांदे मंग आठवते ह्याले." स्थापनेच्या आदल्या दिवशी शिडीवर चढून ते देवीला कपडे घालत, निऱ्या बसवत, टाचण्या लावत. आणि एकदा स्थापना झाली की दहा दिवस मंडपात पाय ठेवत नसत. रस्त्याच्या पलीकडे उभे राहून निऱ्या नीट आहेत ना तेवढं पाहायचे आणि बसस्टँडकडे निघायचे.

मास्तर बौद्ध होते. बाभुळगावात ते सगळ्यांना माहीत होतं, आणि मंडळातल्या ज्यांना माहीत असायला हवं होतं त्यांनाही माहीत होतं. म्हणून तर ती ओळ. एकदा एक नवा पदाधिकारी म्हणाला, "मास्तर, देवीचं एवढं करता, एकदा हात तं जोडा."

"हातात टाचन्या हायेत," मास्तर म्हणाले.

मी त्यांना विचारलं होतं, मानत नाही तर शिवता कशाला? ते म्हणाले, "मी देव मानत नाई. पन कोनी उघडं बसलेलं मले पाहवत नाई, मंग ते मातीचं का असेना." पत्रकातल्या त्या ओळीवर मात्र ते सुमनकाकूंकडे बोट दाखवून हसत. "एक भक्त म्हने. एक तं भक्त नाई, अन् एक बी नाई. हे बाई काय झोपून राह्यते का तवा?" सुमनकाकू सुई न थांबवता हसत. ते हसणं खरं आहे असं मला तेव्हा वाटायचं.

माझं काम हवेतले कपडे शिवण्याचं. पुण्याच्या एका कंपनीसाठी मी यवतमाळला घरूनच ते करते. फोनचा कॅमेरा स्वतःवर धरायचा, की पडद्यावर आपल्या अंगात कपडे चढतात. वळलो की घोळ वळतो, हात उचलला की बाही उचलली जाते. खरं कापड वीतभरसुद्धा नसतं. लोक आपला तसा व्हिडिओ काढतात आणि चार जणांना पाठवतात. कंपनीनं नवरात्रासाठी पुराणातल्या पात्रांचे कपडे करायचं ठरवलं आणि ते माझ्याकडे आले. मी महिनाभर खपून द्रौपदी केली, मंदोदरी केली, कर्ण केला. आमच्या गटाचा प्रमुख रोहन, माझ्याच वयाचा, म्हणाला, "दागिने काढले तर यातलं कोण कोण आहे ते कळत नाहीये." ते खरंच होतं. मी कॅलेंडरवरचे देव पाहून कपडे केले होते. त्याच रविवारी मी बाभुळगावची बस धरली.

कपडा फोनात कसा जातो, हे मास्तरांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "कोन घालनार हाये? अन् तवा त्याच्या घरी काय चालू होतं?"

मी म्हटलं, मंदोदरी. ते म्हणाले, "रावन पडला हे सांगाले मानूस आला, तवा ते नेसून झालती का नेसून राह्यलती?" कुठल्याही पोथीत हे नसावं. मास्तरांनी वर्तमानपत्राचा कागद घेतला आणि निऱ्या घालायला लागले. सहा घातल्या, सातवी हातातून सोडून दिली. कागदाचा तो सुटलेला भाग फळकुटावरून खाली लोंबत राहिला. "हे असं," ते म्हणाले. "पुऱ्या निऱ्या घातल्या तं ते आपली सनाले चालली असं वाटन."

पुढचे सगळे रविवार मी तिथं. मास्तर कागद कापायचे, मी मापं उतरवून घेऊन लॅपटॉपवर तो कपडा उभा करायची, ते चष्मा पुसून पाहायचे आणि चूक काढायचे. चूक नेहमी खरी निघायची. कर्णाचं काढलं तेव्हा मी सोन्याचं कवच दाखवलं. त्यांनी ते बोटानंच बाजूला सारलं.

"हे तं जन्माचं होतं म्हनतेत न? कातड्यालेच?"

"हो."

"अन् ते त्यानं सोलून देल्लं. मंग दुसऱ्या दिवशी काय घातलं?"

मास्तरांनी कागदावर खडू टेकवला. मग म्हणाले, "जरीचं टोचन त्याले. रेशीम जखमेले चिकटन. मऊ सूत पायजे, धुऊन धुऊन विरलेलं. लेकराले भाजलं तं माय काय करते? जुनं लुगडंच फाडते न? त्याले वाढवलं त्या राधाबाईच्या लुगड्याचा अंगरखा कर. बंद पाठीवर घे, म्हंजे छातीले गाठ लागनार नाई."

"राजा होता तो, मास्तर," मी म्हटलं.

"राजा मंग केला. आंधी भर मैदानात इचारलंच न त्याले, तू कोनाचा म्हनून." हे म्हणताना त्यांनी मान वर केली नाही. कात्री चालूच होती.

तो अंगरखा मी केला. विटकरी रंगाचं विरलेलं सूत, लुगड्याचा काठ तिरपा होऊन खांद्यावर आलेला, पाठीवर बंद. आयुष्यात मी केलेलं तेवढंच एक चांगलं काम, आणि ते माझं नव्हतं. मास्तरांनी पडद्याजवळ तोंड नेऊन पाहिलं आणि नेहमीचं म्हणाले, "आतून दाखव."

मी कपडा पडद्यावर उलटा फिरवला. आत काहीच नव्हतं. आमच्या कामात कपड्याला फक्त बाहेरची बाजू असते, आतली बाजू कुणी बनवतच नाही. तिथून पाहिलं तर कपडा सरळ नाहीसा होतो. मास्तरांचा चेहरा पडला. "आतून नाईच? मंग अंग घालतेत कशात?" मी समजावलं, कुणाला दिसत नाही, फाइल उगाच जड होते. ते ऐकून घेतल्यासारखं करून ते मशीनवर जाऊन बसले. दुसऱ्या रविवारी मी आतली बाजू करून नेली, शिवणी, दुमड, सगळं. इतका आनंद मी त्यांना माझी बारावीची टक्केवारी ऐकतानाही झालेला पाहिला नव्हता.

त्या दिवशी त्यांनी मला एक गोष्ट दाखवली. देवीचं पोलकं शिवायला घेतलं होतं. त्याची कड त्यांनी उलटी केली. डाव्या बाजूला, आतल्या दुमडीत, लाल कापडावर निळ्या दोऱ्याचे चार टाके होते.

"हे काय?"

"हे माह्यं."

"सगळ्या कपड्यांना?"

"सगळ्यायले. पोट्टेपोट्टीच्या गनवेशाले, नवरदेवाले, देवीले. पयल्या कपड्यापासून."

मी सुमनकाकूंकडे पाहिलं. त्या खाली मान घालून म्हणाल्या, "एका पत्रकात नाव आलं असतं तं एवढा दोरा वाचला असता."

मग मास्तरांनी मला जे मागितलं ते त्यांनी कुणाकडेच कधी मागितलं नसावं. मोबदला ठरला तसा मिळाला होता, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. त्यांनी विचारलं, "फोनात त्या कपड्याखाली नाव येते न, कोनं केला ते?"

"येतं."

"मंग माह्यं पुरं लिवजो. मास्तर नाई. गुलाब किसन रामटेके." मी त्यांच्यासमोर लॅपटॉपवर नाव लिहिलं. त्यांनी ते अक्षर अक्षर वाचलं आणि मान हलवली. मी अंगरख्याच्या आतल्या दुमडीत डाव्या बाजूला चार निळे टाकेही घातले. त्यांनी ते पाहिले आणि सुमनकाकूंना हाक मारून दाखवले.

पितृपक्ष लागता लागता कंपनीची माणसं व्हिडिओ काढायला बाभुळगावला आली. मास्तरांनी धुतलेला सदरा घातला होता. कॅमेरावाला म्हणाला, "काका, मागचे फोटो जरा उतरवू या का? फ्रेममध्ये गर्दी होतेय." मास्तर म्हणाले, "फोटो राहीन. गर्दी होत असन तं मी बाजूले होतो." मी तिथंच उभी होते आणि हसून वेळ मारून नेली. व्हिडिओ फोटोंसकट काढला गेला. मला वाटलं, झालं.

चार दिवसांनी रोहनचा फोन आला. तो मोठ्या समजुतीनं बोलत होता. "मला पर्सनली काहीच प्रॉब्लेम नाही. पण कंटेंट भक्तीचा आहे, ऐन नवरात्रात येणार आहे. आडनाव वाचून, ते फोटो बघून लोक खाली काय काय लिहितील तुला माहितीये. उद्या त्रास त्यांनाच होईल. मी त्यांच्यासाठीच म्हणतोय." मग म्हणाला की इथं एका वयस्कर नटाला गंध लावून मशीनवर बसवलंय, व्हिडिओ छान झालाय, खाली 'परंपरागत कारागिरांच्या प्रेरणेतून' असं लिहू आणि रचनाकार म्हणून तुझं नाव टाकू. "तुझ्या नावाला काही अडचण नाही ना?"

नव्हती. माझं आडनाव आजवर कुणालाच अडलेलं नाही. मी दोन दिवस विचार केला, झोप लागली नाही, असं सांगायला मला आवडलं असतं. फोन चालू असतानाच मी "ठीक आहे" म्हणाले. पाठोपाठ तपासणीवाल्यांचा निरोप आला : अंगरख्याच्या आत निळं काहीतरी राहून गेलंय, ते काढा, आणि आतली बाजूच काढून टाका, फाइल जड होतेय. तेही मी काढलं. त्याला एक कळ पुरते.

घटस्थापनेला ते कपडे फोनांवर आले. कर्णाचा अंगरखा सगळ्यांत जास्त चालला. कॉलेजातली मुलं, नव्या नवऱ्या, एक कीर्तनकार बुवासुद्धा तो घालून व्हिडिओत दिसले. पुढे यवतमाळला माझा सत्कार झाला. भाषणात मी आपल्या मातीतल्या कारागिरांचे ऋण वगैरे मानले. नाव घेतलं नाही.

तिसऱ्या माळेला दुपारी मी बाभुळगावला गेले. न जाऊन चालण्यासारखं नव्हतं. फोनातला कर्ण मास्तरांना दाखवायचं मी कबूल केलं होतं. त्यांनीच शिवलेला कुर्ता मी मुद्दाम घातला होता, त्यांना जरा बरं वाटेल म्हणून. माझ्या हुशारीची धाव एवढीच.

मास्तर दुकानाच्या पायरीवर ताठ उभे राहिले. मी फोन धरला. पडद्यावर त्यांच्या किरकोळ अंगावर तो विटकरी अंगरखा चढला. त्यांनी हात वर केला, बाही वर गेली. वळले, पाठीवरचे बंद दिसले. त्यांनी स्वतःच्या खांद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बसला." मला वाटलं आता इथंच थांबावं, फोन बंद करावा.

"आतून दाखव," ते म्हणाले.

"आतलं काढलं, मास्तर. फाइल जड होत होती."

"दोरा?"

"तोही."

"कंपनीनं काढला?"

हो म्हणता आलं असतं. ते खोटंही ठरलं नसतं. मी म्हणाले, "मी काढला."

त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. कपड्याखाली नाव होतं. ते त्यांनी त्या दिवशीसारखंच अक्षर अक्षर वाचलं. सतरंजीवरून सुमनकाकूंनी विचारलं, "काय लिवलं हाये?"

"पोरीचं नाव हाये."

"अन् तुमचं?"

"माह्यं नाई." त्यांनी फोन मला परत दिला. आवाज चढला नव्हता. म्हणाले, "मंडळवाले एक भक्त तरी लिवत होते."

मी काहीतरी बोलायला लागले, लोक कसे आहेत, तुम्हालाच त्रास झाला असता, रोहनचीच वाक्यं माझ्या तोंडून येत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खांद्याकडे नाही, तोंडाकडे, आणि मी थांबले.

"इकडे ये. सरळ उभी राह्य," ते म्हणाले. माप घेताना बसायचे तसे ते गुडघ्यावर बसले. माझ्या कुर्त्याची कड त्यांनी डाव्या बाजूनं उलटी केली. आत चार निळे टाके होते. तो कुर्ता मी वर्षभर वापरत होते आणि एकदाही आतून पाहिला नव्हता. त्यांनी फळकुटावरचं पातं घेतलं, कापडाला धक्का न लावता एकेक टाका उचलून कापला आणि दोऱ्याचे तुकडे चिमटीनं ओढून काढले. सुमनकाकू बघत होत्या, अडवलं नाही.

कड त्यांनी पुन्हा सरळ केली, बोटानं दाबून बसवली. "शिवन नाई सुटत," ते म्हणाले. "त्याची काळजी नोको करू. जाय, गाडी लागली हाये."

त्यानंतर मी त्यांना पाहिलं ते एकदाच, बसमधून. बस सुटायला वेळ होता आणि माझी खिडकी नेमकी दुकानाच्या बाजूची होती. मास्तर पुन्हा मशीनजवळ बसले होते. कुणाच्या तरी शाळेचा गणवेश मांडीवर उलटा पसरून ते आतल्या दुमडीत टाके घालत होते. दोऱ्याचा रंग इतक्या लांबून दिसत नव्हता. मला तो ठाऊक होता.